दूध पावडर परत का पाठवली? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात युद्ध, भूकंप, दुष्काळ अशा संकटात सापडलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांवर लेख आला होता, त्यानंतर पत्रांचा आणि मेलचा ढीग पडला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. दोन पत्रं चांगलीच रागाने लिहिलेली आहेत, त्यातलं एक आधी घेते.

प्रश्न : ताई, भूकंपाची बातमी बघून आमच्या ग्रुपने तान्ह्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे आणि नव्याकोऱ्या दुधाच्या बाटल्या गोळा केल्या. चांगल्या कंपनीच्या, एक्सपायरी डेट बघून घेतलेल्या. मदत संस्थेने बाकी सामान घेतलं आणि डबे सरळ परत केले! तिकडे बाळं उपाशी आणि यांना नियम सुचतात?

राग येणं साहजिक आहे हो, पण त्या संस्थेने बरोबर केलं आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पावडर वाईट नसते, घोळ पाण्याचा असतो. भूकंपानंतर पाइप फुटलेले, पाण्यात काय मिसळलंय कुणाला माहीत नाही, चूल पेटवायला धड जळण नाही, आणि अशात बाटली उकळा, निपल उकळा, पाणी उकळून कोमट करा, मापाने पावडर घाला, आणि हे दिवसरात्र मिळून सात-आठ वेळा, तंबूत बसून हे कोण करणार? मग पाणी आहे तसंच वापरलं जातं, डबा पुरवायचा म्हणून पावडर कमी टाकली जाते, उरलेलं दूध बाटलीत तसंच राहतं आणि दोन तासांनी तेच बाळाच्या तोंडात. जुलाब लागायला अजून काय पाहिजे. इंडोनेशियात जावा बेटावर २००६ साली भूकंप झाला तेव्हा नेमकं हे मोजलं गेलंय, दानात आलेली पावडर ज्या लहान मुलांना मिळाली त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्या मुलांच्या दुपटीहून जास्त निघालं. म्हणजे मदत पोचली तिथे आजार वाढला.

दुसरं म्हणजे "धक्क्याने आईचं दूध आटलं" हे आपण सगळेच ऐकत आलोय. भीतीने, दमणुकीने दूध उतरायला वेळ लागतो हे खरंय, पण बाळ अंगावर घेत राहिलं की ते पुन्हा उतरतं, शरीर दूध बनवायचं थांबत नाही. त्या बाईला लागतं काय तर चार डोळे नसतील असा आडोसा, प्यायला भरपूर पाणी, दोन वेळचं जेवण आणि तुझं दूध पुरतंय गं असं शेजारी बसून सांगणारी कुणीतरी. तिच्या हातात डबा दिला की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध खरंच कमी होतं, आणि पंधरा दिवसांनी डबे संपले, ट्रक यायचा बंद झाला की मग? तेव्हा ना डबा ना दूध.

आता ज्या बाळाला आईच नाही त्याचं काय, हे तुम्ही विचाराल. त्याच्यासाठी पावडर वापरतातच. पण आधी दुसरी कुणी पाजणारी बाई मिळते का ते बघतात, नसेल तर त्या एका बाळाच्या नावाने पावडर सुरू करतात, जितके महिने लागेल तितके महिने पुरवायची हमी घेऊन, आणि बाटलीने नाही तर उघड्या कपाने पाजतात कारण कप धुवायला सोपा, बाटलीच्या कोपऱ्यात घाण राहते. सरसकट वाटप कुठेच करायचं नाही, असा दंडक आहे. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाची जाहिरात आणि फुकट वाटप रोखणारी जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता १९८१ सालची आहे, म्हणजे हे काही कुणा साहेबाच्या लहरीने झालेलं नाही.

हेच औषधांचं. बोस्नियाच्या युद्धात १९९२ ते १९९६ मध्ये निरुपयोगी औषधंच सुमारे १७,००० टन येऊन पडली होती, मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, तिथल्या डॉक्टरांना न वाचता येणाऱ्या भाषेतली. ती जाळायचा, पुरायचा खर्च युद्धात होरपळलेल्या देशाच्या डोक्यावर. तुमचे डबे चांगले होते, मान्य, पण तिकडे ते वेगळे काढायला, ठेवायला, पहारा द्यायला माणूस लागतो आणि तो माणूस त्या वेळी लस टोचत असायला हवा.

मग पाठवायचं काय? पैसे. कंटाळवाणं उत्तर आहे, माहितीये मला. डबे भरताना जे समाधान मिळतं ते बँक ट्रान्सफरला नाही मिळत.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. कुपोषित मुलांना ते शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट देतात त्यात असं काय विशेष असतं? साधं पोटभर जेवण दिलं तर चालणार नाही का? मुलाला भूक लागलीय तर जेवायला द्या, एवढं साधं आहे ना?

नाही ना एवढं साधं. फार सुंदर प्रश्न विचारलास, जरा सविस्तर सांगते.

अतितीव्र कुपोषण झालेलं मूल म्हणजे नुसतं उपाशी मूल नव्हे. शरीराने तगून राहण्यासाठी सगळे खर्च कापलेले असतात, हृदय मंद, मूत्रपिंडं मंद, आतडी पातळ झालेली, रक्तातली साखर कधीही खाली जाईल, अंग गार पडेल, आणि ताप येण्याइतकीसुद्धा ताकद नसल्याने आत इन्फेक्शन असलं तरी बाहेर दिसत नाही. अशा मुलाला प्रेमाने पोटभर जेवू घातलं तर क्षारांचा तोल एकदम ढळतो, हृदयावर ताण येतो आणि मूल जेवल्यानंतर दगावतं. हे डॉक्टरांना फार महागात पडून कळलेलं आहे. म्हणून जी मुलं जास्तच खालावलेली, सोबत दुसरा आजार असलेली, त्यांना दवाखान्यात ठेवून आधी एफ-७५ नावाचं पातळ दूध देतात, १०० मिलीमध्ये फक्त ७५ कॅलरी, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा उठवून. या टप्प्यात वजन वाढवायचं नसतंच, शरीर ताळ्यावर आणायचं असतं. नेहमीचं ओआरएससुद्धा या मुलांना सहसा देत नाहीत, त्यात त्यांच्या मानाने मीठ जास्त पडतं, त्यांचं वेगळं मिश्रण असतं.

पूर्वी सगळ्याच मुलांना असं भरती करावं लागायचं आणि तीच मोठी अडचण होती. आई एका पोराला घेऊन महिनाभर केंद्रात बसली की घरची बाकीची पोरं कोण बघणार, शेत कोण बघणार, म्हणून बायका यायच्याच नाहीत, किंवा अर्ध्यात पळून जायच्या, आणि एका खोलीत गर्दी झाली की गोवर, जुलाब एकाचे दहा. बरं दूध घरी न्यायला द्यावं तर पुन्हा तेच, पाणी. आंद्रे ब्रिआँ नावाचे फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आणि मिशेल लेस्कान नावाचे उत्पादक, या दोघांनी १९९० च्या दशकात डोकं लढवून उपचाराच्या दुधातलं पाणीच काढून टाकलं. दूध पावडर, शेंगदाण्याची पेस्ट, तेल, साखर, वर जीवनसत्त्वं आणि खनिजं. पेस्टमध्ये पाणी जवळजवळ नसल्यामुळे जंतू वाढत नाहीत, शिजवायचं नाही, फ्रीज नको, कोपरा फाडून मूल स्वतः चोखतं. एक पाकीट ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी, साधारण दोन वर्षं टिकतं. वजनाप्रमाणे दिवसाला दोन-तीन पाकिटं, सहा ते आठ आठवडे, आणि मूल घरीच. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरे चौघांनी मिळून या घरच्या घरी उपचाराला अधिकृत मान्यता दिली.

पण पाकिटापेक्षा मला त्याच्या आधीची तपासणी जास्त भारी वाटते. मूल आलं की डावा हात घेतात, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण करतात, हात सैल सोडायला लावतात आणि रंगीत पट्टी दंडाभोवती फिरवतात. घट्टही नाही, सैलही नाही. ११.५ सेंमीच्या खाली आलं की लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, वर हिरवा. मग दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून तीन सेकंद मोजतात आणि सोडतात. दोन्हीकडे खड्डा तसाच राहिला तर ती सूज असते, आणि मग दंड हिरव्यात असला तरी ते मूल अतितीव्र गटातच, असं मूल गुबगुबीत दिसतं आणि तिथेच नवखा माणूस फसतो. नंतर भुकेची परीक्षा. आईच्या मांडीवर बसवून पाकीट फोडून देतात, जबरदस्ती करायची नाही, घाई करायची नाही, पाणी पाजत राहायचं. खाल्लं तर घरी जायचं, तोंड फिरवलं तर भरती. आत काहीतरी मोठं बिघडलंय हे सांगायला दुसरं कुठलं यंत्र नसतं तिथे, मुलाची भूक हीच टेस्ट.

आणि हो, साधं जेवण. पाकीट हे औषध आहे, ते संपल्यावर घरात खायला काय आहे हा प्रश्न सुटत नाहीच. बरं झालेलं मूल काही महिन्यांनी पुन्हा लाल पट्टीत येतं तेव्हा चूक पाकिटाची नसते, घरात धान्य नसतं, पाणी घाण असतं, आई परत गरोदर असते. ज्यांना वाटतं पाकिटाने कुपोषण संपेल ते आणि ज्यांना वाटतं पाकीट म्हणजे नुसता कंपन्यांचा धंदा ते, दोघांनाही मी एवढंच म्हणेन की एकदा भरती केंद्रात बसून या.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, मूल नाही. युद्धात अनाथ झालेली मुलं टीव्हीवर बघवत नाहीत. त्यातलं एक दत्तक घ्यायची आमची मनापासून तयारी आहे, कुठल्या संस्थेशी बोलावं?

तुमच्या मनाबद्दल मला शंका नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. युद्ध किंवा भूकंप चालू असताना तिथलं मूल दत्तक घ्यायचा विचार करू नका आणि कुणी मिळवून देतो म्हणालं तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

टीव्हीवर एकटं दिसणारं मूल अनाथ असेलच असं नाही, बहुतेकदा ते हरवलेलं असतं. पळापळीत हात सुटला, आई दुसऱ्या ट्रकमध्ये चढली, बाप हॉस्पिटलात बेशुद्ध. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर एक लाखाहून जास्त मुलं घरच्यांपासून तुटली होती, त्यांची नावं, फोटो, गावाची जी काही आठवण सांगता येईल ती लिहून घेऊन वर्षानुवर्षं शोध चालला आणि हजारो मुलं आई-बाप, आजी, मावशी, काका कुणा ना कुणाकडे परत गेली. अगदी लहान मुलाला आडनाव सांगता येत नाही हो, पण घरासमोर काय होतं, भावाला काय हाक मारायचे, हे सांगता येतं, आणि शोधणारी माणसं त्यावरून माग काढतात. ते मूल तोवर दुसऱ्या देशात पोचलेलं असेल तर माग काढून उपयोग काय?

हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर चर्चची दहा अमेरिकन माणसं ३३ मुलांना बसमध्ये घालून सीमेपलीकडे नेत होती, पकडली गेली, आणि नंतर कळलं की बहुतेक मुलांचे आई-वडील जिवंत आहेत, पोराला शिक्षण मिळेल असं सांगितल्यावर त्यांनीच हात जोडून पाठवलं होतं. त्याआधी २००७ मध्ये चाडमध्ये एका फ्रेंच संस्थेने १०३ मुलं शेजारच्या सुदानमधल्या, युद्धात होरपळलेल्या दारफुर भागातली अनाथ म्हणून विमानात बसवायची तयारी केली होती, ती बहुतेक अनाथही नव्हती आणि दारफुरचीही नव्हती. यातली बरीच माणसं दुष्ट नव्हती, तुमच्यासारखीच कळवळलेली होती. म्हणूनच नियम असा की आधी शोध, तो साधारण दोन वर्षं तरी, मग नातेवाईक, मग त्याच देशातलं दुसरं कुटुंब, आणि परदेशात दत्तक सगळ्यात शेवटी, देशादेशांतल्या दत्तकाचे नियम ठरवणाऱ्या १९९३ च्या हेग कराराच्या चौकटीत.

मूल हवंय तर आपल्या देशाच्या कायदेशीर दत्तक यंत्रणेत नाव नोंदवा, वेळ लागेल, लागू दे. आणि त्या टीव्हीवरच्या मुलासाठी काही करायचंय तर कुटुंब शोधून देणाऱ्या कामाला पैसे द्या. अनाथाश्रम बांधायला देऊ नका असंही मी म्हणेन, यावर माझी लोकांशी भांडणं होतात, पण आश्रम उभा राहिला की तो भरण्यासाठी मुलं येतातच, गरीब आई-बाप असलेली.

प्रश्न : दुसऱ्या बाजूच्या मुलांना कशाला द्यायची मदत? ती मोठी होऊन आपल्यावरच बंदूक रोखणार.

हे ते दुसरं रागाचं पत्र. नाव न घालता आलंय.

अहो, हा प्रश्न जुना आहे. पहिलं महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबलं तरी जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी चालूच होती आणि व्हिएन्नातली मुलं खंगत होती. एग्लंटाइन जेब नावाची इंग्रज बाई लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या शत्रूच्या मुलांचे फोटो छापलेली पत्रकं वाटायला लागली, सेन्सॉरची परवानगी नाही म्हणून तिला अटक झाली, पाच पौंड दंड झाला, आणि ज्या सरकारी वकिलाने तिच्याविरुद्ध केस चालवली त्यानेच खिशातून पाच पौंड काढून तिच्या हातात ठेवले. त्याच १९१९ साली तिने बहिणीबरोबर सेव्ह द चिल्ड्रेन ही संस्था काढली. युनिसेफ ११ डिसेंबर १९४६ ला स्थापन झाली तेव्हा पहिले कार्यकारी संचालक मॉरिस पेट यांनी पद घेतानाच अट घातली होती की हरलेल्या शत्रुदेशांतली मुलंही यात येणार, नाहीतर मी येत नाही.

तुम्हाला दया नको असेल तर व्यवहार बघा. एल साल्वादोरमध्ये यादवी युद्ध चालू होतं, १९८५ मध्ये सैन्य आणि बंडखोर दोघांनी लसीकरणासाठी ठरलेल्या तीन दिवशी गोळीबार थांबवला आणि सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली, मग युद्ध संपेपर्यंत दरवर्षी हे होत राहिलं. दोन्ही बाजूंनी हे का मान्य केलं? कारण गोवर नाक्यावर थांबून ओळखपत्र दाखवत नाही, पलीकडची मुलं आजारी पडली की अलीकडची पडतातच. आणि ज्या दिवशी मदत करणारा एका बाजूचा ठरतो त्या दिवशी त्याची गाडी दोन्ही नाक्यांवर अडते, मग तुमच्या बाजूच्या मुलांपर्यंतही तो पोचत नाही.

प्रश्न : बाई, मी निवृत्त शिक्षक, वय ७४. आमच्या वेळी मुलांना कर्तव्यं शिकवत, आता जो तो हक्क सांगतो. बालहक्क, बालहक्क म्हणून मुलं डोक्यावर बसायला लागली आहेत आणि कागदावर सह्या करून कुणाचं पोट भरत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

सर, तुमचं अर्धं मत मला पटतं, कागदाने पोट भरत नाही. पण उरलेल्या अर्ध्यात थोडी गल्लत होतेय असं वाटतं, कारण बालहक्क करारात मुलाने घरी मागण्या करायच्या असं काही नाहीच, त्यात बहुतेक जबाबदाऱ्या सरकारवर टाकल्या आहेत. याची सुरुवातही जेबबाईंचीच, त्यांनी लिहिलेल्या पाच वाक्यांचा जाहीरनामा राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने, १९२४ मध्ये स्वीकारला, भुकेल्या मुलाला खाऊ घातलं पाहिजे, आजारी मुलाची शुश्रूषा झाली पाहिजे, संकटात मदत आधी मुलाला, अशी साधी वाक्यं. पुढे २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांनी ५४ कलमांचा करार मंजूर केला, आज १९६ देश त्याला बांधील आहेत, अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली पण मंजुरी अजून दिलेली नाही. आणि सर, त्याच करारात कलम २९ मध्ये लिहिलंय की शिक्षणाने मुलात आई-वडिलांबद्दल आदर रुजवावा. हे कुणी सांगत नाही बघा.

आता कागदाचा उपयोग काय, तर एकच उदाहरण देते, कलम ७, जन्मनोंदणी. वाचायला किती रुक्ष वाटतं. पण ज्या मुलाचा जन्म कुठेच लिहिलेला नाही ते लसीच्या यादीत नाही, शाळेच्या पटावर नाही, तेरा वर्षांच्या मुलीला अठराची म्हणून बोहल्यावर चढवली तरी खोडून काढायला पुरावा नाही, चौदाच्या पोराला सशस्त्र टोळीने उचललं आणि पुढे पकडला गेला तर तो मूल आहे हे सिद्ध करता येत नाही. एका दाखल्याने हे सगळं अडतं. दया असेल तर कुणी देतं, नसेल तर नाही देत, हक्क असला की निदान विचारता तरी येतं की का दिलं नाही. सरकारांना दर पाच वर्षांनी जिनिव्हातल्या १८ तज्ज्ञांच्या समितीपुढे अहवाल द्यावा लागतो. त्या समितीच्या हातात दंडुका नाही, हे मला मान्य आहे, आणि युद्धाच्या जागी हा करार रोज पायदळी तुडवला जातो हेही दिसतंच आहे.

प्रश्न : माझ्या देणगीतले किती टक्के खरंच मुलांपर्यंत पोचतात? ऑफिसच्या खर्चातच निम्मे जातात म्हणे.

हा प्रश्न दहा-बारा जणांनी विचारलाय. ऑडिट झालेले हिशेब जी संस्था दाखवत नाही तिला देऊ नका, इथपर्यंत सोपं आहे. पण टक्केवारीच्या मागे फार लागू नका. लस कारखान्यातून मुलाच्या दंडापर्यंत २ ते ८ अंशात जायला लागते, त्याला फ्रीज, बर्फाचे पॅक, डिझेल, ड्रायव्हर आणि नोंद ठेवणारा माणूस लागतो. बऱ्याच लसींच्या बाटलीवर एक छोटा गोल ठिपका असतो, त्याच्या आत चौकोन, आधी फिकट, उष्णता लागत गेली की गडद होत जातो, आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की बाटली फेकायची. तो चौकोन फिकट राहावा म्हणून झालेला सगळा खर्च हिशेबात "वाहतूक व प्रशासन" म्हणून दिसतो. तुम्ही त्याला गळती म्हणणार का? आणि शक्य असेल तर "अमुकच कामाला" अशी अट घालू नका. बातम्यांत गाजलेल्या संकटाला पैसे धो धो येतात आणि विसरलेल्या दुष्काळाला कुणी विचारत नाही, मोकळे पैसेच तिथे जाऊ शकतात. युनिसेफलासुद्धा सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीतून वाटा मिळत नाही, सगळं ऐच्छिक देणग्यांवर चालतं.

प्रश्न : हडकलेल्या मुलांचे फोटो मी ग्रुपवर टाकते, लोकांना जाग यावी म्हणून. मैत्रीण म्हणते चूक आहे.

मैत्रीण बरोबर आहे. चेहरा, नाव, गाव कळेल असा फोटो नको. उपाशी मुलालाही खाजगीपण आहे, बालहक्क कराराचं कलम १६ तेच सांगतं, आणि टोळीतून सुटलेल्या किंवा अत्याचार झालेल्या मुलाचा फोटो फिरला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : ताई, इतकी वर्षं हे चाललंय, फरक पडतो का काही? बातम्या बघून वाटतं काहीच होत नाही.

पडतो, आणि कमी नाही. १९९० साली जगात पाच वर्षांखालची सुमारे १ कोटी २८ लाख मुलं वर्षभरात दगावली होती, २०२३ मध्ये ४८ लाख. आकडा अजूनही भयंकर आहे, त्यातली जवळजवळ निम्मी पहिल्या २८ दिवसांत जातात, पण निम्म्याहून खाली आलाय. आणि हे कुठल्या मोठ्या यंत्राने झालेलं नाही. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. तत्त्व असं की कॉलऱ्यात आतड्याला नुसतं मीठ ओढता येत नाही पण साखरेबरोबर ते आत जातं आणि मागोमाग पाणी. आज जुलाबात ओआरएस आणि जोडीला १० ते १४ दिवस झिंक. युनिसेफचे जेम्स ग्रँट १९८२ पासून देशोदेशीच्या राष्ट्रप्रमुखांसमोर खिशातून ओआरएसचं पाकीट काढून दाखवायचे, वजनाची नोंद, ओआरएस, स्तनपान आणि लसीकरण या चार गोष्टी करा म्हणून मागे लागायचे. बातमी होण्यासारखं यात काही नाही, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही.

प्रश्न : १९ वर्षांचा आहे, सुट्टीत अशा छावणीत जाऊन काम करायचंय. कसं जाता येईल?

आत्ता नको जाऊस. तुला सांभाळायला तिथल्या कुणाला तरी वेळ काढावा लागेल. आणि मुलांशी महिनाभर खेळून निघून येणारे पाहुणे त्या मुलांना नको असतात, आधीच बरीच माणसं त्यांना सोडून गेलेली असतात. नर्सिंग शिक, पाण्याचं इंजिनिअरिंग शिक, गोदाम आणि हिशेब शिक, अरबी किंवा फ्रेंच शिक. गोदाम नीट सांभाळणाऱ्या माणसाची किंमत तिकडे डॉक्टरइतकीच असते, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

प्रश्न : मागच्या लेखात दंडाच्या पट्टीबद्दल वाचून मी शिवणाच्या टेपने नातीचा दंड मोजला, १३ सेंमी भरला. ती अडीच वर्षांची आहे, दिसायला बारीक. काळजी करू का?

आजी, १३ म्हणजे १२.५ च्या वर, हिरव्यात आहे, घाबरू नका. हे माप ६ महिने ते ५ वर्षं एवढ्याच वयाला चालतं. शिवणाची टेप जुनी असेल तर ताणलेली असते, पट्टीशी ताडून बघा, बाही वर करून मोजा आणि टेप कातडीत रुतू देऊ नका.

पण दंडावरून फक्त रोडपणा कळतो, खुंटलेली उंची कळत नाही, आणि जगात रोड मुलांपेक्षा उंची खुंटलेली मुलं कितीतरी जास्त आहेत, २०२२ च्या अंदाजात साडेचार कोटी रोड तर १४ कोटी ८० लाख खुंटलेली. म्हणून नातीची उंची आणि वजन दोन्ही वाढीच्या तक्त्यावर डॉक्टरांकडून बघून घ्या. एका दिवसाच्या ठिपक्याला फार अर्थ नसतो, दोन-तीन महिन्यांचे ठिपके जोडून रेष वर जातेय ना ते बघायचं. रेष आडवी झाली किंवा खाली वळली तर थांबू नका, आणि दोन्ही पावलांवर कधी सूज दिसली तर त्याच दिवशी दाखवा, दंड कितीही भरलेला असला तरी.